थोरल्या पातीचे चित्र धाकट्या पातीत उजळले त्याची हकीकत

श्री.

प्रथम वंदन त्या निराकारास, जो डोळ्यांस दिसत नाही, हातास लागत नाही, भिंतीतून आरपार जातो आणि घरोघर पोहोचतो, आणि ज्याच्या कृपेवाचून हल्ली कोणाचेच पान हालत नाही. त्यास स्मरोन लिहितो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध तृतीया, रविवार, ते दिवसापासून पाच दिवसांत तिसरे मजल्याचे राज्यात जे वर्तमान घडले, ते जैसे ऐकिले आणि ताडून पाहिले तैसे येथे मांडिले आहे. पदरचे काही घातले नाही.

राज्य एक, पाती दोन, आणि मध्ये भिंत नऊ इंचांची. भिंतीच्या अलीकडे थोरली पाती, म्हणजे मधुसूदनराव आणि त्यांचे कुटुंब इंदुमतीबाई. पलीकडे धाकटी पाती, म्हणजे रावांचे सख्खे बंधू पद्माकरराव आणि त्यांचे कुटुंब शरयूबाई. पूर्वी उभय पातींत इतका जिव्हाळा होता की दारे दोन असोन कड्या कोणी लावीत नसत, आणि वायफाय म्हणोन जे हवेतले छत्र असते तेही दोन्ही घरांस मिळोन एकच होते, त्याची पेटी धाकट्यांच्या दिवाणखान्यात सामाईक भिंतीस खिळ्यावर टांगलेली होती. दसऱ्यास टीव्ही घेतले तेही जोडीने, एका दुकानातून, एका मापाचे, त्रेचाळीस इंची, आणि दुकानाच्या माणसाने दोहोंसही नाव 'दिवाणखाना' हेच घालून दिले, ते कोणी बदलिले नाही. मग शके १९४४, संवत्सराचे नाव शुभकृत्, परंतु कृत्य शुभ जाहले नाही. चैत्रात गच्चीवर कुरडया घालावयाचे चालिले होते, चार शेजारणी हजर होत्या, आणि शरयूबाई पातेल्यात डाव फिरवून सर्वांदेखत बोलिल्या, "जाऊबाई, औंदा चीक पातळ झाला हो." इतकेच बोलिल्या. इंदुमतीबाईंनी हातातला सोऱ्या खाली ठेविला आणि जिना उतरल्या, आणि ते दिवसापासून कड्या लागल्या. थोरल्या पातीने आपले वायफाय निराळे आणिले आणि त्याची पेटी आतले खोलीत कपाटावर बसविली. बंधू जिन्यात भेटत, "काय, ठीक?" "ठीक," इतके बोलत. जावा तितकेही बोलत नसत. यास तीन वर्षे होत आली, एक मास उणा.

आता या हकीकतीचे मूळ. भांडणाच्या आदले वर्षी, तशाच कुरडया घालिताना, पद्माकररावांनी थोरल्या वहिनींचा फोन घेऊन दोन मिनिटे चाळीस सेकंदांचे चित्र उतरविले होते. त्यात उभय जावा गच्चीवर बसल्या आहेत, पांढरे फडके पसरिले आहे, कोणत्याशा गोष्टीवरून दोघी इतक्या हासत आहेत की कुरडईची वळी वाकडी पडते, आणि दोन मिनिटे अकरा सेकंद होतात तेव्हा शरयूबाई मान वळवून म्हणतात, "जाऊबाई, तुमच्या हाताची सर नाही हो कुणाला!" हे चित्र त्या एकाच फोनात होते. इंदुमतीबाई रोज तिसरे प्रहरी राव निजले म्हणजे ते काढून पाहात आणि त्या एका वाक्याशी थांबत. जे मन सांगे की हे मायेने म्हटले, तेच मन सांगे की नव्हे, टोचून म्हटले, पुढले वर्षी चीक पातळ म्हणणारीच ही. मुद्रा नीट दिसेल तर उलगडा होईल. परंतु फोन साडेपाच इंची, मुद्रा त्यात तांदळाएवढी, आणि बाईंचे उजवे डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेला. तेव्हा चित्ती एकच आस लागली की ती मुद्रा थोर पडद्यावर एकवार पाहावी, म्हणजे तीन वर्षे जे गिळिले ते विष होते की साखर, हे कळेल.

मग रविवारी जेवणे उरकल्यावर बाईंनी विषय काढिला. "अहो, फोनमधलं टीव्हीवर दिसतं म्हणे. वायर न लावता." राव वजनमापे खात्यातून निवृत्त जाहलेले, प्रत्येक गोष्टीचे माहितीपत्रक जपून ठेवणारे. ते म्हणाले, "दिसतं. काय बघायचंय?" बाई म्हणाल्या, "आपल्या सुहासच्या मुंजीचे फोटो." "मुंजीला तीस वर्षं झाली. ते अल्बमात आहेत, फोनात कुठले?" "तुम्ही लावून द्या हो. काय बघायचं ते मी बघीन." मग रावांनी टीव्हीचे माहितीपत्रक काढिले, भिंग घेतले आणि मोठ्याने वाचू लागले, "दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर असावीत." बाई म्हणाल्या, "एकाच घरात आहेत ना? मग झालं की." आणि रावांसही ते पटले. हीच चूक, आणि पुढील सर्व त्यातून निपजले. मग फोनच्या कोपऱ्यात जी लहानशी पेटी आणि तिच्यात तीन कमानी अशी खूण असते ती दाबिली, फोनने शोध केला आणि एक नाव पुढे केले, 'दिवाणखाना'. राव म्हणाले, "हाच आपला," आणि नावावर बोट ठेविले, आणि फोनने 'जोडले' असे उत्तर दिले. आता फोन मुका झाला, कारण चित्रासवे आवाजही टीव्हीकडे जातो. परंतु टीव्ही काळा तो काळाच. राव दहा मिनिटे खटपट करिते झाले आणि म्हणाले, "टीव्ही जुना झाला. माझ्या मते त्याला फोन ऐकूच येत नाही." "तुमच्यासारखंच," बाई म्हणाल्या. राव उशी घेऊन आत गेले. बाई एकट्या राहिल्या, त्यांनी चित्र पुन्हा लाविले, फोन म्हणे चालू आहे, टीव्ही म्हणे मी कोण. असे सोमवारी जाहले, मंगळवारी जाहले, बुधवारी जाहले, नेमाने तीन वाजता. आणि मंगळवारी एक गोष्ट अधिक जाहली. बाई काळ्या पडद्यापुढे बसल्या असता भिंतीपलीकडून हासण्याचा आवाज आला, दोन बायकांचा, पोट धरून हासावे तैसा. बाईंनी भिंतीस कान लाविला. शब्द कळेना, हासू मात्र कळे. चित्ती म्हणाल्या, तिचे बरे चालले आहे. नवी कोणी मैत्रीण मिळाली असेल. मी येथे तिचे तोंड पाहावयास तळमळते आणि ती कोणाबरोबर इतकी हासते. आणि पदर डोळ्यांस लाविला. ते हासू दुसऱ्या कोणाचे नव्हते. ते त्यांचे स्वतःचे होते, चार वर्षांपूर्वीचे.

आता धाकट्या पातीकडील वर्तमान. थोरल्यांचे नवे छत्र आतले खोलीत, त्याचा जोर दिवाणखान्यात पोहोचेतो क्षीण होई. आणि धाकट्यांची जुनी पेटी त्याच भिंतीस, पलीकडल्या अंगास, कोचापासून हातभर. फोनास एकदा परवलीचा शब्द सांगितला म्हणजे तो विसरत नाही. तेव्हा बाई भिंतीलगतच्या कोचावर बसल्या की फोन कोणास न विचारिता जुन्या छत्राखाली जाई, आणि तेथे 'दिवाणखाना' नावाचा जो टीव्ही असे तो शरयूबाईंचा. रविवारी तीन वाजता शरयूबाई मेथी निवडीत होत्या, तो बंद टीव्ही आपोआप उजळला, आणि त्यात गच्ची, आणि गच्चीत त्या दोघी. हातची जुडी खाली पडली. पद्माकरराव म्हणाले, "टीव्ही झपाटला काय गं?" बाई म्हणाल्या, "गप्प बसा. बघू द्या." चित्र संपले, पुन्हा लागले, दोन मिनिटे अकरा सेकंदांशी थांबले, मागे गेले, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा मागे. पद्माकरराव म्हणाले, "हे मी काढलं होतं, वहिनींच्या फोनवर. त्यांच्याकडेच आहे. सांगून येऊ का, की इकडे दिसतंय?" शरयूबाई म्हणाल्या, "पाय मोडीन. सांगितलंत तर बंद करतील." मग सोमवारी बाईंनी पावणेतीनलाच केस विंचरिले, बुधवारी मोगऱ्याचा गजराही माळिला, आणि टीव्हीसमोर पाट मांडून बसल्या, जैसे कोणी घरी येणार आहे. आले मात्र चित्रच. भिंत ओलांडून माणूस आले नाही, आणि उठून जावे तर पाय उठेना, कारण तीन वर्षांच्या कडीस गंज चढला होता.

गुरुवारी थोरल्या बाईंची आस सुटली. फोन उशीखाली सारिला आणि म्हणाल्या, "नाही दिसायचं तर नाही." पलीकडे तीन वाजले, सव्वातीन वाजले, पडदा काळा. साडेतीनास शरयूबाई उठल्या. पद्माकररावांनी विचारिले, "कुठे?" थोरल्या जाऊबाईंना रक्तदाब आहे हे शरयूबाईंस ठाऊक होते, आणि चार दिवस न चुकलेली वेळ पाचवे दिवशी चुकते याचा अर्थ त्यांनी वाईटच धरिला. अनवाणी गेल्या आणि थोरल्या पातीचे दार दोहों हातांनी वाजविले. इंदुमतीबाईंनी दार उघडिले. दोघी समोरासमोर. शरयूबाई म्हणाल्या, "आज का नाही लावलंत? बरं आहे ना तुम्हाला?" "काय नाही लावलं?" "ते. गच्चीवरचं. रोज तीनला लावता ना." इंदुमतीबाईंस प्रथम काही कळेना, मग कळिले, आणि कानापर्यंत तोंड तापले, चार दिवस आपले अंतःकरण शेजारच्या घरी वाजत होते आणि आपण येथे काळ्या काचेपुढे. म्हणाल्या, "म्हणजे तू बघत होतीस?" शरयूबाई म्हणाल्या, "बघत कसली. वाट बघत होते."

मग थोरल्या बाईंनी उशीखालचा फोन घेतला, चपलाही घातल्या नाहीत, आणि तीन वर्षांनी तो उंबरठा ओलांडिला. पद्माकरराव उठून उभे राहिले आणि "या वहिनी" म्हणोन त्यांनी पंखा लाविला. चित्र सुरू जाहले. इंदुमतीबाई कोचावर बसल्या नाहीत, पडद्यापासून दोन हातांवर उभ्या राहिल्या, आणि दोन मिनिटे अकरा सेकंद जाहले तेव्हा बोटाने थांबविले. मुद्रा आता नारळाएवढी. परंतु लहान चित्र मोठे केले म्हणजे त्यात नवे काही येत नाही, होते तेच पसरते. ओठांच्या जागी चार तांबूस चौकोन, डोळ्यांच्या जागी दोन काळे. माया म्हणावी तर माया, टोमणा म्हणावा तर टोमणा. बाई पुष्कळ वेळ पाहात राहिल्या. मग पाठ न वळविता म्हणाल्या, "शरयू, हे तू खरं म्हणाली होतीस की टोचून?" "हे आता विचारताय? इतक्या वर्षांनी?" "तेव्हा फोन लहान होता." हे ऐकून शरयूबाईंस हासू आले आणि रडूही आले, त्यांनी दोन्ही येऊ दिले आणि म्हणाल्या, "जाऊबाई, हाताची सर नाही म्हटलं ते खरं. पुढल्या वर्षी चीक पातळ म्हटलं तेही खरं. दोन्ही याच तोंडानं म्हटलं. तुम्ही एकच धरून बसलात." "चीक पातळ नव्हता." "होता." "नव्हता गं." "डाव उभा राहात नव्हता त्यात!" आणि असे वाद घालीत दोघी एकाच कोचावर केव्हा टेकल्या ते त्यांसही कळिले नाही.

इतक्यात मधुसूदनराव जागे होऊन कुटुंबाच्या शोधात, माहितीपत्रक आणि भिंग घेऊन आले. सर्व ऐकिले, फोन हाती घेऊन छत्राचे नाव वाचिले आणि म्हणाले, "अच्छा! तरी म्हटलं. हा जुन्या वायफायवर जातोय. सोपं आहे. इथे 'विसरा' असं बटण आहे. ते दाबलं की पुन्हा इकडे यायचा नाही." आणि बोट पुढे केले. इंदुमतीबाईंनी फोन हिसकून घेतला. "त्याला हात लावायचा नाही." रावांस नवल वाटले आणि त्यांनी बंधूस विचारिले, "पण पद्या, तीन वर्षांत तू परवलीचा शब्द बदलला नाहीस? बदलतात रे." पद्माकरराव म्हणाले, "मी दोनदा बदलायला बसलो होतो. हिने बदलू दिला नाही." शरयूबाई टीव्हीसमोरचा पाट उचलू लागल्या, जैसे ऐकिलेच नाही.

येणेप्रमाणे क्रोधी नाम संवत्सरी, ज्याच्या नावी क्रोध त्यातच उभय पातींचा क्रोध सरला. तहाचा कागद जाहला नाही, कलमे ठरली नाहीत. परवलीचा शब्द काय होता हे राजगुप्त असल्याने लिहिता येत नाही. इतकेच लिहितो की त्यात नावे दोन आहेत आणि थोरलीचे आधी आहे. गहू भिजत पडले आहेत. चीक घट्ट की पातळ, ते चौथे दिवशी कळेल. लेखनसीमा.