साठ किलोमीटरची कुंची

वाकसर विमानतळावरून भोरदरीला जाणाऱ्याला मधलं अंतर जास्त वाटत असेल, तर तीन नंबरच्या खिडकीवर अर्ज करून ते कमी करून मिळतं.

प्रणिताला ते जास्तच वाटत होतं. अंतर दोनशेवीस किलोमीटर, विमानाला लागतात पंचावन्न मिनिटं, आणि तिची पाच महिन्यांची चकुली एका वेळी झोपते चाळीस मिनिटं. उरलेली पंधरा मिनिटं पोर आभाळात रडणार, कानांत दडे बसणार, सगळं विमान मागे वळून बघणार. आठ दिवस ती हाच हिशेब करत होती. शेवटी माहेरी जायच्या दिवशी तिने अर्ज भरला.

खिडकीतल्या गवाणकरांनी तो वाचला. "कारण, बाळाची झोप. बरं. किती कमी करू?"

"पंधरा मिनिटांचं."

"म्हणजे साठ किलोमीटर. पण काढलेलं अंतर आम्ही इथे ठेवून घेत नाही, ताई. ते तुम्ही बरोबर न्यायचं आणि परत येताना जमा करायचं."

"जड असतं का हो?"

"छे. जुन्या मलमलीसारखं असतं. फक्त हरवू नका, आम्हाला फार लिहावं लागतं."

हरवू नका म्हटल्यावर प्रणिताला दुसरं काही सुचेना. पिशवीत ठेवावं तर पिशवी विसरेल. तिने ते चौपदरी करून सरळ चकुलीभोवती गुंडाळलं. बरोबर चाळीस मिनिटांनी भोरदरीच्या धावपट्टीला चाकं टेकली आणि चकुलीने डोळे उघडले.

माहेरी जेवण झाल्यावर प्रणिताचा जरा डोळा लागला. उठून बघते तर शिवणाचं मशीन गार होत होतं, आणि चकुली नवी कुंची, नवं अंगडं घालून आजीच्या मांडीवर बसली होती.

"आई, ते कापड नव्हतं गं. अंतर होतं. परत द्यायचंय ते."

"मग झोपायच्या आधी बोलायचंस. एवढं मऊ बघितलं, म्हटलं बाळंतविड्यात एक कुंची कमीच पडली होती."

"उरलंय तरी का थोडं?"

"चिंधी उरली नाही. मी काय आज शिवायला बसले?"

परतीच्या दिवशी प्रणिता चकुलीला कडेवर घेऊन भोरदरीच्या खिडकीपुढे उभी राहिली. तिथल्या लोखंडेबाईंनी टेप घेतली, कुंची मापली, अंगडं मापलं, आतली शिवण उलटून बघितली.

"साठ भरतात. पण शिवलेलं अंतर आम्ही परत घेत नाही."

"मग आता पंचावन्न मिनिटं लागणार?"

"कशी लागतील? साठ किलोमीटर तर तुमच्या मुलीच्या अंगात आहेत." त्यांनी शिक्का मारला. "हात चांगला आहे हो आईचा."

दोन्ही विमानतळांवरच्या फळ्यांवर आता एकशेसाठ किलोमीटर, चाळीस मिनिटं असं लिहिलेलं आहे. खाली बारीक अक्षरांत, 'बाळाला कपडे होतात तोवर.'

आजीने शिवणीत दोन बोटं माया ठेवली होती म्हणून बरं. प्रणिता दर महिन्याला कुंची चकुलीला घालून बघते, आणि तंग वाटली तर एक शिवण उसवते. चकुली आता दुपारची सलग दोन तास झोपते. ते मात्र प्रणिताने खिडकीवर कळवलेलं नाही.