मुदत सांगा, वहिनी

हाशमी साहेबांकडं वाटीभर साखर मागायला गेलं तर ते लगेच साखर देत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, दाराच्या चौकटीला हात टेकतात आणि विचारतात, "किती मुदतीसाठी?"

मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरात पाहुणे बसलेले, गॅसवर चहाचं आधण, आणि हा गृहस्थ मला मुदत विचारतोय. म्हटलं, "अहो, देईन की उद्या." तर म्हणाले, "उद्या सकाळी का उद्या संध्याकाळी? परवा माझ्याकडं खीर आहे, वहिनी. तुम्ही उद्या दिली तर मी बेफिकीर. चार दिवसांनी दिली तर माझी खीर फिकी." मी तणतणत घरी आले. साखर मात्र घेऊनच आले.

ते आमच्या खाली, तळमजल्यावर राहतात. छावणीकडून पुढं आलं की डाव्या हाताला आमची तीन मजली बिल्डिंग आहे, आणि तिच्यातला सगळ्यात जुना रहिवासी म्हणजे हाशमी साहेब. बँकेतून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. बँकेला याची कल्पना नसावी, पण ते अजून कामावरच आहेत.

सुरुवातीला ते खेड्यापाड्यांतल्या शाखांमधे होते. शेवटची वर्षं मात्र मुख्य कार्यालयातल्या अशा एका खात्यात काढली की त्याचं काम आमच्या ह्यांना कधीच कळलं नाही. "ठेवी आणि कर्जं यांच्या मुदती जुळवायचो," एवढंच सांगायचे. आमचे हे म्हणाले, "म्हणजे लग्नं जुळवायचात." हाशमी साहेब हसले नाहीत. म्हणाले, "लग्नापेक्षा अवघड, जोशी साहेब. लग्नात दोनच पार्ट्या असतात."

मला त्यांनी ते गच्चीवर नेऊन समजावलं. आमच्या गावात नळ रोज येत नाही, हे काय सांगायला पाहिजे का. आला तर आला, नाही तर पुढच्या आठवड्यात. त्यामुळं गच्चीवरची टाकी ही आमच्या बिल्डिंगची जीवनदोरी आणि तिचा कारभार हाशमी साहेबांकडं. टाकीवर थाप मारून म्हणाले, "ही बँक. नळ कधी येणार ते आपल्या हातात नाही. पण तुम्ही तोटी कधी उघडणार, ते तुमच्या हातात. बँकेचं असंच. लोक पैसे ठेवतात आणि वाटेल तेव्हा मागतात. ते झालं देणं. बँक तेच पैसे कोणाला तरी घर बांधायला देते, ते वीस वर्षांत हप्त्याहप्त्यानं परत येतात. ते झालं येणं. देणं आजचं आणि येणं वीस वर्षांचं. या दोघांच्या मधे जो माणूस बसतो ना, तो मी."

"मग झोप लागायची का तुम्हाला?"

"थोडं बाजूला राखून ठेवायचं. त्याला हात लावायचा नाय. कोई रोया तो भी नक्को."

हे सगळं बँकेत ठीक आहे. पण हा माणूस घरातसुद्धा तसाच वागतो. त्यांच्या फ्रिजच्या कप्प्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. वरच्या कप्प्यावर 'आज', मधल्यावर 'आठवडा', खालच्यावर 'महिना', आणि दाराला, जिथं अंडी आणि दूध असतं, तिथं 'मागाल तेव्हा'. मी माझ्या बहिणीला मुद्दाम तो फ्रिज दाखवायला नेलं होतं. एकदा मी दिलेली आमटी त्यांनी 'आठवडा'मधे ठेवली. म्हटलं, अहो, उद्यापर्यंत आंबून जाईल ती. तेव्हा त्यांनी ती 'आज'मधे सरकवली. पण तिथं जागा नव्हती, म्हणून भर चार वाजता माझ्यासमोर उभ्याउभ्या कालची खिचडी खाऊन टाकली. भूक नव्हती, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

केळी घ्यायची तरी तेच. छावणीच्या बाजारातल्या केळीवाल्याला ते दोन पिवळी मागतात, दोन अर्धी कच्ची आणि दोन हिरवी. एका फणीतलीच सगळी घ्या म्हटलं तर म्हणतात, "सगळी एकाच दिवशी पिकली तर खाणार कोण?" केळीवाला त्यांना लांबून पाहिलं की हातगाडी ढकलायला लागतो.

ही सगळी थट्टा भाभी, म्हणजे त्यांच्या मिसेस, असताना जास्त मजेची होती. भाभी त्यांच्या चिठ्ठ्या मुद्दाम उलटसुलट करून ठेवायच्या. भाभी गेल्या आणि चिठ्ठ्या जागच्या जागी राहायला लागल्या. मला त्या सरळ चिठ्ठ्या बघवत नाहीत, खरं सांगते.

आता उरली एक मुलगी, सना. ती कॅनडात. नवरा, मुलं, नोकरी, बर्फ, सगळं तिकडं. दरवर्षी ती येणार म्हणून ठरतं आणि दरवर्षी ते पुढच्या वर्षावर जातं. मुदत ठेव संपली आणि कोणी काढायला आलं नाही की बँक ती आपोआप पुन्हा वर्षभरासाठी टाकते, तसं. हाशमी साहेब जिना चढून दारात येतात आणि सांगतात, "वहिनी, नूतनीकरण झालं." सुरुवातीला मी हसायचे. मग हसणं बंद केलं. एकदा त्यांनीच समजावलं, आपण एखाद्या अडाणी कर्जदाराला समजावतो ना, त्याच सुरात: "तिची मुदत लांबची आहे. नोकरी, मुलांच्या शाळा, तिथले कागद. माझी मुदत जवळची. जुळत नाही, बस. यात कोणाची चूक नाय."

पण चूक स्वतःची आहे असंच ते मनातून धरून बसले होते.

सना शेवटची आली ती भाभी गेल्यावर. नेमका त्या आठवड्यात नळ लांबला. पोरीनं डोक्याला शाम्पू लावला आणि तोटीतून नुसती हवा. हाशमी साहेब हातात तांब्या घेऊन आमच्या दारात पळत आले होते, पायात चप्पल नाही. मी माठातलं पाणी दिलं. सना डोक्याला टॉवेल गुंडाळून रडतच बाहेर आली. म्हणाली, "अब्बू, इथं कसं राहायचं कोणी?" आई जाऊन महिना झाला नव्हता, ती पाण्यासाठी रडत नव्हती हे मला दिसत होतं. पण हाशमी साहेबांना फक्त पाणी दिसलं. पुढं ती गेली ते ठरलेल्या तिकिटानंच गेली. तरी हाशमी साहेबांच्या डोक्यात पक्कं बसलं की पोरगी येत नाही ती पाण्यामुळं. मला म्हणाले, "अख्ख्या बँकेची राखीव सांभाळली मी, वहिनी. आणि माझ्या घरात एक बादली जादा नव्हती."

तेव्हापासून त्यांच्या न्हाणीत निळा ड्रम आहे. झाकणावर वीट. नळ आला की जुनं पाणी काढून भांडी धुवायची, फरशी पुसायची आणि ड्रम ताज्या पाण्यानं भरायचा. ते सनाचं पाणी. स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ करतात. मी एकदा ऐन मे महिन्यात त्यातलं तांब्याभर मागितलं तर पहिल्यांदाच त्यांनी मुदतसुद्धा विचारली नाही. सरळ नाही म्हणाले. मला राग आला होता, दोन दिवस बोलले नाही.

या वर्षी मात्र सनाची सुट्टी मंजूर झाली. बकरी ईदला येणार, नातवाला वेरूळ दाखवायचं, सगळं ठरलं. केळीवाल्यालाही सांगून झालं की आता सगळी पिवळीच लागतील. हाशमी साहेब एवढे खुशीत होते की आमच्या ह्यांना चहाला बोलावलं आणि चहा कधी परत करणार ते विचारलं नाही.

आणि त्यातच ती दुपार आली.

दुसऱ्या मजल्यावरच्या घुगे काकूंनी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं की मोठी पाईपलाईन फुटली, आता नळाचं काही खरं नाही. झालं. बिल्डिंगभर तोट्या सुटल्या. पाईप घरघरायला लागले. खोटं कशाला बोलू, मीही भरलं. बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला, देवाची कळशी भरली. आमच्या ह्यांनी दाढीचा मग भरून खिडकीत ठेवला.

हाशमी साहेब धापा टाकत जिन्यानं वर आले. दारोदारी सांगत होते, "टाकीत आहे पाणी. रोजच्यासारखं घ्या, पुढच्या नळापर्यंत सगळ्यांना पुरतं. पण सगळ्यांनी एकदम काढलं तर कोणालाच पुरणार नाय."

घुगे काकू म्हणाल्या, "पटतंय भाईसाहेब, शंभर टक्के पटतंय. एवढी एक बादली भरू द्या." बादली भरली, तशी त्यांनी टब खाली लावला.

हाशमी साहेब त्या टबाकडं बघत राहिले. मग खाली गेले. मला वाटलं, बसले असतील डोकं धरून. थोड्या वेळानं अंगणात पाणी पडल्याचा आवाज आला म्हणून गॅलरीत गेले, तर हाशमी साहेब स्कूटर धूत होते. पाईप लावून. साबणाचा फेस करून. जी स्कूटर दिवाळीलासुद्धा पुसली जात नाही, तिची चाकं धुतली, आरसे धुतले, मग फरशीवर सडा मारला, आणि उरलेलं पाणी कुंपणापलीकडच्या बाभळीला घातलं. बाभळीला. घाई अजिबात नव्हती. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला.

एकेका गॅलरीत माणसं आली. घुगे काकू म्हणाल्या, "भाईसाहेब, पाणी आहे का मग?"

"भरपूर," ते वर न बघता म्हणाले. "बाल्टी पाठवा, तुमची पायरी पण धुतो."

टाकीचा कारभारी पाणी असं उधळतोय म्हटल्यावर कोण कशाला पातेली भरत बसेल. वरची तोटी बंद झाली, मग शेजारची. मीही कुकर बाजूला ठेवला. टाकी निम्म्यावर येऊन थांबली.

संध्याकाळी मी धपाटे घेऊन खाली गेले. म्हटलं, मानलं बाई तुम्हाला. हात धुवायला म्हणून न्हाणीकडं वळले तर ड्रमचं झाकण भिंतीला टेकवलेलं, वीट खाली, आणि ड्रमातून निघालेला पाईप खिडकीतून बाहेर अंगणात गेलेला. आत तळाला ओल होती, बस.

"अहो, हे सनाचं पाणी ना?"

"हौ," ते म्हणाले. "टाकीतलं कसं वापरणार? ते लोकांचं."

मग धपाटा मोडत मोडत सांगितलं, तरुणपणी देवगाव रंगारीच्या शाखेत होते तेव्हा बँक बुडाली अशी आवई उठली होती. बाजाराचा दिवस, दारात ही गर्दी. मॅनेजरनं कोणाला भाषण दिलं नाही. तिजोरीतली बंडलं आणून काउंटरवर रचली, सगळ्यांना दिसतील अशी. "लोकांनी पाहिली आणि घरी गेले. पैसा दिसला की पैसा नको असतो, वहिनी." मी म्हटलं, पण तुम्हीच म्हणता, राखीवला हात लावायचा नाही. ते म्हणाले, "असतो वहिनी एखादा दिवस. सना यायला वेळ आहे. नळ आला की भरतो."

तेवढ्यात फोन वाजला. सनाच होती, व्हिडिओवर. मी उठायला लागले तर त्यांनी हातानं बसा म्हटलं. पोरगी बोलायच्या आधीच मला तिचा चेहरा वाचता आला. नवऱ्याच्या ऑफिसचं काहीतरी झालं होतं, तिची सुट्टी पुढं गेली होती. "अब्बू, पुढच्या वर्षी नक्की."

"हौ बेटा, काही हरकत नाही," हाशमी साहेब म्हणाले. मग घाईघाईनं, "आणि पाण्याची काळजी करू नको. तो टाईम आता राहिला नाही. ड्रम भरलेला आहे. तुझ्या अंघोळीचा."

सना हसली. "कसला ड्रम, अब्बू?"

तिला आठवतच नव्हतं. तो शाम्पू, तो तांब्या, आपण काय बोललो, काहीच नाही. दोष तरी काय द्यायचा पोरीला. हाशमी साहेब म्हणाले, "काही नाही, असंच," आणि नातवाच्या खोकल्याची चौकशी केली. फोन ठेवल्यावर त्यांनी उरलेला धपाटा 'आज'मधे ठेवला. नूतनीकरण हा शब्द त्या दिवशी तोंडातून निघाला नाही. मी ताटली तिथंच सोडून वर आले.

सकाळी बेल वाजली. दारात हाशमी साहेब, हातात रिकामी बादली. सनाच्या त्या तांब्यानंतर हा माणूस कधी काही मागायला आला नव्हता.

"काल तुम्ही बरंच भरून ठेवलंय म्हणे," ते म्हणाले. "एक बाल्टी मिळेल का? नळ कधी येतो काय माहीत. ड्रम रिकामा असला की मला चैन पडत नाय."

कोणासाठी, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं. त्यांना हसवावं म्हणून दाराच्या चौकटीला हात टेकला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "किती मुदतीसाठी?"

ते हसले नाहीत. खरोखरीच विचारात पडले. खात्यातला माणूस, मुदत विचारली की चुकीची सांगता येत नाही.

"सना येईपर्यंत," ते म्हणाले. मग बादली या हातातून त्या हातात घेतली. "किंवा मी असेपर्यंत. दोन्हींपैकी जे आधी होईल ते."

मी त्यांच्या हातातली बादली घेतली. आत आमच्या ह्यांना हाक मारली, की ती कळशी आणा, कुकरपण आणा, आणि हाशमी साहेबांना म्हटलं, "व्हा तुम्ही पुढं. झाकण काढून ठेवा."