सरकी काढलेला उन्हाळा

सन अठराशे चौसष्टच्या चैत्रात अमरावतीच्या एका शाळेत सूचना लागली. शाळेच्या पहिल्या छापील अंकासाठी विद्यार्थ्यांनी 'उन्हाळा' या विषयावर लेख द्यावेत. लेख स्वानुभवाचा व आनंददायक असावा. अनुभव आनंददायक नसल्यास दुसरा अनुभव घ्यावा. उन्हाबद्दल तक्रार असल्यास ती वेगळ्या अर्जात, दोन प्रतींत करावी. खाली मोठ्या साहेबांच्या वतीने सही होती, कारण साहेब स्वतः उन्हाळा चुकवायला चिखलदऱ्याला गेले होते.

सूचना वाचून शेषराव मास्तरांना आनंद झाला, आणि त्याला कारण होतं. शाळेची विहीर होळीपासून कोरडी ठणठणीत पडली होती. ती खोल करावी म्हणून त्यांनी दोन वर्षांत सात अर्ज केले होते, आणि सातही अर्ज कचेरीत सुखरूप होते. बाहेरून पाणी आणावं, तर गावातला एकूण एक बैल कापसाच्या गाडीला जुंपलेला. सातासमुद्रापार कुठेशी लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस अडकल्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. पोरं घरून तांब्या भरून आणत. तो संपला की शाळा सुटे. साहेब अर्ज वाचत नसले तरी छापील अंक नक्की वाचतील, असा मास्तरांचा होरा होता.

तेवीस लेख आले. बावीस जणांनी कापसाचे भाव लिहिले होते. तेविसावा सहदेवचा. माळ्याचा पोरगा, बापाचं वांग्यांचं वावर डोळ्यांदेखत वाळलेलं. त्यानं सरळ लिहिलं होतं, 'आमच्या शाळेची विहीर कोरडी आहे. दोर संपतो, पण पाणी लागत नाही. खाली कासव होतं, ते परवा मेलं.' मास्तरांनी तो लेख दोनदा वाचला आणि त्यांना भरून आलं.

लेख निवडायला मंडळ नेमलं होतं. अध्यक्ष खुशालराव. कापसानं ते इतके वर आले होते, की बैलगाडीच्या चाकांना त्यांनी चांदीची धाव बसवली होती. त्यांना वाचता येत नसे, पण माल पारखता येत असे. चिटणीस भगवंतराव कचेरीतले कारकून. त्यांना वाचता येत असे; पारखणं त्यांनी नोकरी लागल्यापासून सोडलं होतं.

खुशालरावांनी गठ्ठ्यात हात खुपसून मधलाच एक कागद ओढला. "माल मधातून पाहा लागते. वरून त सारेच चांगला ठेवते."

निघाला तो सहदेवचा लेख. मास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवला.

"पोराचा धागा लांब हाये," खुशालराव म्हणाले, "पण सरकी भल्ली हाये. सरकी काढल्याबिगर कापूस कुठं जाते का, मास्तर?"

"यात सरकी कोणती?"

"जे दाताखाली येते ते."

भगवंतरावांनी लेखणी उचलली. 'कोरडी' काढलं. 'पाणी लागत नाही' काढलं. कासवाच्या मृत्यूची कचेरीत नोंद नसल्यानं त्याला जिवंत केलं. उरलं ते असं : 'आमच्या शाळेला विहीर आहे. दोर आहे. कासव आहे.'

खुशालरावांनी कागद तळहातावर तोलला. "हलका झाला. आता पाणी मारा."

"पाणी?" मास्तर दचकले.

"कापूस हलका भरला का आमी पाणी शिंपडतो. वजन येते. सारेच करते बावा, मी काही एकटा नाही."

भगवंतरावांनी शिंपडलं : 'विहीर ऐन उन्हाळ्यात काठोकाठ भरलेली असते. पाणी गार व गोड आहे. कासव त्यात आनंदानं पोहतं.' मग कागद मास्तरांपुढे सरकवला. "पडताळून पाहिलं म्हणून सही करा. सही नाही तर अंक नाही, आणि अंक नाही तर साहेब वाचणार काय?"

निदान विहीर आहे एवढं तरी साहेबांच्या कानी जाईल, असं स्वतःला समजावून मास्तरांनी सही केली.

अंक छापून चिखलदऱ्याला गेला. साहेबांचं उत्तर आठ दिवसांत आलं. 'लेख वाचून चित्त गार झालं. विहीर काठोकाठ असल्याने ती खोल करण्याचे सातही अर्ज निकाली काढले आहेत. अकोल्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांचे बैल यापुढे याच विहिरीवर पाजावेत.'

दुसऱ्या दिवशी शाळेपुढे तीनशे बैल उभे राहिले. बैलांबरोबर आलेला सरकारी जमादार विहिरीत डोकावला, अंक उघडून पाहिला, पुन्हा डोकावला. छापलेलं पाणी विहिरीत मिळेना. सरकारी शाळेनं छापलेलं खोटं असणार नाही, तेव्हा पाणी चोरीला गेलं हे सिद्ध झालं. शाळेला लागून भाजीचं वावर सहदेवच्या बापाचं, म्हणून त्याला धरलं. वांगी वाळलेली निघाली, तेव्हा पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वाढला.

सहदेव मास्तरांपुढे येऊन उभा राहिला. "मास्तर, माह्या हातचा लेख तुमी वाचला होता ना?"

"वाचला होता."

"मंग सही काहून केली?"

मास्तरांना लाज वाटली. खरोखर वाटली. त्यांनी पाणी प्यायला तांब्या उचलला, तर तो रिकामा होता.

अमरावतीत मात्र अंकाची वाहवा झाली. शाळेच्या आवारात बैल हंबरत होते आणि लोक लेख वाचून हसत म्हणत होते, मोठा मजेदार लिहिलाय. ही गोष्टही तुमच्या हाती पडण्याआधी एका मंडळापुढून आली आहे. वाचताना तुमच्या दाताखाली काही आलं नसेल, नुसतंच हसू आलं असेल, तर खाली जागा सोडली आहे. सही करा.