संकेतस्थळावरील तलाव बुजविल्याची कैफियत

नक्षत्रनगर वसाहत, गल्ल्या सात, बीड बायपासचे दक्षिणेस, तेथील समस्त रहिवासी मंडळीचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे. वार्षिक सभेत ठराव होवोन आज्ञा जाहली की, वसाहतीचे संकेतस्थळावर जो तलाव उत्पन्न जाहला आणि ज्याने टँकरचे बटण गिळिले, तो तलाव कोणी, कोणत्या हिकमतीने बुजविला, ते वर्तमान आदीपासोन अंतापर्यंत पदरचे न घालता लिहावे. त्यावरोन लिहिले असे. पदरचे कोठे पडलेच असेल तर ते प्रेमाने पडले, ऐसे समजोन मंडळीने क्षमा करावी.

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास. मागील साली पर्जन्याने साफ दगा दिला आणि धरणाचे पाणी तळास गेले, आणि इकडे छत्रपती संभाजीनगर शहर ऐसे बेसुमार वाढले की ज्या माळावर काल शेळ्या चरत होत्या तेथे आज चार मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांस नावे नक्षत्रांची, फुलांची, नद्यांची दिली, परंतु नळ कोणी दिला नाही. मग अवघ्या वसाहतीचा जीव टँकरवर येवोन ठेपला. टँकरांचे धनी फारूखभाई, मोठे सचोटीचे गृहस्थ, परंतु त्यांचे चालक माणसेच होती. चालकाने वेशीतून आत यावे, पहिल्या गल्लीचे तोंडाशी अप्पारावांचे दारी थांबावे, चहा घ्यावा, आणि मग नळी तेथेच सोडावी, ऐसा शिरस्ता पडला. पहिली गल्ली भरे, दुसरी भरे, तिसरीचे नशीब असेल तर भरे. सातव्या गल्लीचे शेवटी भामाबाईंचे घर. बांधकामावरील मजुरांस भाकरीचे डबे पोहोचविणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांचे दारी दोन आठवडे टँकर आला नव्हता, आणि तिसरा आठवडा कोरडा गेला तर पीठ मळणे बंद, डबे बंद आणि चूलही बंद, ऐसी त्यांची गत जाहली होती.

हे वर्तमान राजमान्य राजेश्री व्यंकटराव, वसाहतीचे चिटणीस, यांचे कानी गेले आणि मन बहुत कष्टी जाहले. व्यंकटराव म्हणजे वय वर्षे चौसष्ट, एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षे आवक-जावक सांभाळोन निवृत्त जाहलेले हेडक्लर्क. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक क्रमांक आणि तारीख घालणे हे त्यांचे काम, आणि क्रमांकावाचोन उंबरठा ओलांडला तो कागदच नव्हे, ऐसी त्यांची निष्ठा. खुद्द साहेबांचा खलिता त्यांनी एकदा क्रमांकासाठी दारातून परत फिरविला होता, आणि साहेबांनी तो मुकाट्याने मागे नेला होता, ही गोष्ट वसाहतीत प्रत्येकाने किमान चार वेळा ऐकिली आहे.

मग मशारनिल्हेंनी मसलत ऐसी केली की, वसाहतीचे संकेतस्थळ उभारावे, त्यावर 'नंबर लावा' ऐसे एक बटण ठेवावे, ते दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता खुले व्हावे, जो प्रथम दाबील त्याचा प्रथम क्रमांक, आणि ती यादी थेट फारूखभाईंस जावी. फारूखभाईंनी मान डोलाविली. भामाबाईंनी मोबाइल चालविणे शिकोन घेतले. अप्पारावांनी मात्र भर सभेत हुकूम सुनाविल्यागत सांगितले, "व्यंकटराव, लई झालं तुमचं कंप्युटर-कंप्युटर. शुक्रवारी बाराला बटण दिसलं तर ठीक. नाय तर मी फारूखला फोन लावतो, जुन्यागत." सभेने तेच मंजूर केले, आणि येणेप्रमाणे वैशाख शुद्ध नवमी, भृगुवासर, दोन प्रहर ही मुदत पडली.

आता संकेतस्थळास थीम म्हणोन एक तयार पोशाख लागतो. तो चढविला की स्थळास रूप येते. व्यंकटरावांनी फुकटातील पाचशे पोशाख धुंडाळिले आणि त्यांतून जो पसंत केला, तो कोण्या परमुलखातील समुद्रकाठच्या हॉटेलासाठी शिवला होता. त्याचे माथ्यावर एक जलतरण तलाव, निळाशार, काठोकाठ भरलेला. व्यंकटरावांस तो फार आवडला. वैशाखात पाणी कोणास आवडत नाही? घरच्या मोठ्या पडद्यावर तलाव वर आणि बटण खाली, ऐसे दोघेही गुण्यागोविंदाने नांदत होते. परंतु मोबाइलचे चिंचोळ्या पडद्यावर तोच तलाव ऐसा पसरला की बटण त्याचे तळाशी गेले आणि दिसेनासे जाहले. मंगळवारी ही बातमी फुटली. टँकरसाठी तडफडणारी वसाहत मोबाइल उघडी, आणि तीस दिसे काय, तर तुडुंब पाणी आणि त्याचे काठी छत्री लावोन निजलेली एक परदेशी बाई.

व्यंकटराव खासा मोहिमेवर निघाले. प्रथम त्यांनी भाडोत्री फौज उभी केली. प्लगिन म्हणोन जे शिपाई मिळतात, एकेक काम करणारे, त्यांतला एक चित्र आकसविणारा घेतला, एक चित्र लपविणारा घेतला, एक बटण तरंगविणारा घेतला, आणि मग त्या तिघांत भांडण लागले म्हणोन तंटा मिटविणारा चौथा घेतला. बुधवारचे दोन प्रहरापर्यंत तेवीस शिपाई दाखल जाहले. त्यांत दोघे ऐसे की स्थळ चपळ व्हावे म्हणोन पानाची जुनी नक्कल जपोन ठेवीत आणि येईल त्यास तीच दाखवीत. आणि एक कोणाबरोबर आला न कळे, तो नाताळातील बर्फ पाडणारा निघाला. तलावावर भुरुभुरु बर्फ पडो लागला. मुलांस मोठी मौज वाटली आणि तिसऱ्या गल्लीतील मंडळी तो पाहावयास एकमेकांकडे जावो लागली.

भानुमतीबाई, व्यंकटरावांचे कुटुंब, हाती पापडाचे लाटणे घेवोन मागे उभ्या होत्या. त्या वदल्या, "अहो, बाहेर बेचाळीस डिग्री आहे आणि तुमच्या साइटवर बर्फ पडतोय! भामाबाई सकाळी येऊन एक कळशी मागून गेली. तिला काय आता हा बर्फ देऊ?"

हे शब्द व्यंकटरावांचे जिव्हारी लागले. मग त्यांनी भाडोत्री फौजेचा भरवसा सोडिला आणि स्वहस्ते हुकूम लिहिण्याचे आरंभिले. थीमला कोडात हुकूम लिहिता येतात, अमक्यास लपवा, तमक्यास मोठे करा, हे त्यांनी व्हिडिओ पाहोन जाणिले होते. पहिला हुकूम लिहिला की तलावाने नाहीसे व्हावे. तलाव हलला नाही. दुसरा लिहिला की निदान अर्धे व्हावे. नाही जाहला. बटणाने मोठे व्हावे, ऐसे लिहिले, आणि ते होईना म्हणोन पुन्हा लिहिले आणि दर खेपेस आकडा वाढविला. मग एका व्हिडिओत त्यांस ऐसे सापडले की हुकुमाचे शेपटास 'महत्त्वाचे' म्हणोन इंग्रजी शेरा मारता येतो, आणि तो मारिला की कोणतीही थीम वाकते. कचेरीत 'अति तातडीचे' शेरा मारण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे डोळ्यांत हे वाचोन पाणी आले. त्यांनी सर्व हुकुमांवर तो शेरा मारिला. एकूण हुकूम एकेचाळीस जाहले. तलाव जैसा होता तैसा राहिला, आणि ती बाईही छत्रीखालोन हलली नाही.

शुक्रवार उजाडला. व्यंकटरावांनी पोह्यांस हात लाविला नाही. भामाबाई दाराशी येवोन उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "साहेब, म्या अंगठा पुसून ठेवलाय. बटण कुठं दिसना की." व्यंकटराव उठले. लॅपटॉप पिशवीत घातला, डोईस रुमाल बांधिला आणि स्कूटरवर स्वार होवोन उत्तरेस कूच केले. क्रांती चौकात सिग्नलने अडविले, पैठण गेटास हातगाड्यांनी अडविले, गुलमंडीत एका वरातीने अडविले, त्या सर्वांस मागे टाकोन दहा वाजोन पन्नास मिनिटांनी स्वारी शहागंजात दाखल जाहली.

शहागंजात गुलशनबींचे लग्नपत्रिका छापण्याचे दुकान. वय पंचेचाळीस, मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही लिप्यांत तरबेज, आणि बाजारातील निम्म्या दुकानांची संकेतस्थळे त्यांचेच हातची. व्यंकटरावांच्या कन्येची पत्रिका त्यांनीच छापिली होती. लॅपटॉप उघडला. गुलशनबींनी बर्फ पाहिला, बाई पाहिली, तेवीस शिपाई मोजिले आणि कपाळास हात लाविला. मग हुकूम वाचो लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"काका, ये हर हुकूम के पहले क्या लिख कू रखे तुम?"

व्यंकटराव ताठ बसोन म्हणाले, "जावक क्रमांक आणि तारीख. त्याशिवाय आदेश ग्राह्य धरत नाहीत."

"कचेरीत नसतील धरत. इथं उलटं है काका. हा नंबर समोर बसलाय म्हणून तर तुमचा एक बी हुकूम नै धरला त्यानं."

मग त्यांनी समजाविले ते ऐसे. हुकुमाचे आरंभी ज्याचे नाव, त्यास तो हुकूम पोहोचतो. व्यंकटरावांनी तलावाचे नावापुढेच क्रमांक, तिरकी रेघ, साल ऐसे सर्व मांडिले, तेव्हा यंत्राने त्या अवघ्याचे मिळोन एकच नाव समजोन घेतले, ऐशा नावाचा कोणी स्थळावर आढळला नाही, आणि हुकूम न वाचताच फेकोन दिला. ऐसे एकेचाळीस वेळा जाहले. एकही हुकूम चुकीचा नव्हता, आणि एकही पोहोचला नव्हता.

चौतीस वर्षांत साहेब बदलले, सरकारे बदलली, टेबले लाकडाची जावोन लोखंडाची आली, परंतु क्रमांकावाचोन कागद व्यंकटरावांनी बाहेर जावो दिला नव्हता. क्रमांक होता म्हणोन कोणाचा अर्ज हरवला नाही, कोणा गरिबास "तुझा कागद आलाच नाही" ऐसे सांगता आले नाही. तोच क्रमांक आज भामाबाईंचे पाण्याआड येवोन बसला होता. त्यांस फार वाईट वाटले. घड्याळात अकरा वाजोन वीस मिनिटे जाहली होती. त्यांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला.

"काढा," म्हणाले. "सगळे नंबर काढा."

गुलशनबींनी त्यांचे तोंडाकडे पाहिले आणि त्यांस दया आली. म्हणाल्या, "काढायला कायकू पायजे? कुंपण घालते मैं." आणि त्यांनी तिरकी रेघ आणि चांदणीची खूण यांचे कुंपण क्रमांकाचे दोन्ही अंगांस घालोन दाखविले. "ह्याच्या आत पायजे ते लिहा, मुहूर्तासकट लग्नपत्रिका लिहा. माणसं वाचतील. कंप्युटर तिकडं बघतच नै." हा तह उभयपक्षी मानवला. व्यंकटराव क्रमांक वाचो लागले आणि गुलशनबी कुंपण घालो लागल्या, एकेचाळीस क्रमांकांस एकेचाळीस कुंपणे पडली, आणि मग बावीस शिपायांस रजा दिली. नंबर लावोन घेणारा एकटा इमानी निघाला, तो ठेविला. बर्फ थांबला. अकरा वाजोन सेहेचाळीस मिनिटांनी तलाव आटला, छत्री गेली, बाईही गेली.

आणि बटण प्रकटले. परंतु दोन दिवसांचे अवघे हुकूम एकदम लागू जाहले, आणि बटण मोठे करण्याचा शेवटला हुकूम तर संतापात लिहिलेला, त्यामुळे ते तांबडेलाल होवोन अर्धा पडदा व्यापोन बसले. गुलशनबी आकडा कमी करो लागल्या, तोच व्यंकटरावांनी हात धरिल्यागत फर्मावले, "राहू द्या तेवढंच. भामाबाईंच्या चष्म्याची एक काच गेलीय."

तो नवे संकट उभे राहिले. गुलशनबींचे पडद्यावर बटण दिसे, परंतु व्यंकटरावांचे मोबाइलवर अद्याप तलावच. स्थळाने जुनी नक्कल टाकिली, पण मोबाइलाने आपली जपोन ठेविली होती, आणि पान बोटाने वरोन खाली ओढल्याविना ती जाईना. वसाहतीत मोबाइल दोनशे, आणि मुदतीस उरली मिनिटे अकरा. व्यंकटरावांनी तत्काळ घरी फोन लाविला.

भानुमतीबाईंनी कोणतीही शंका विचारिली नाही. डोईवर पदर घेतला, पायी मिळतील त्या चपला चढविल्या, डावी त्यांची आणि उजवी व्यंकटरावांची, आणि थेट सातव्या गल्लीचे शेवटास जावोन तेथोन उलट दिशेने चढाई केली. "पान खाली ओढा! बोटानं खाली ओढा!" ऐसी ललकारी देत, ज्यास कळेना त्याचा मोबाइल हिसकोन घेवोन स्वतः ओढीत, सातवी, सहावी, पाचवी ऐशा गल्ल्या सर करीत बाई बाराचे ठोक्यास अप्पारावांचे दाराशी पोहोचल्या. अप्पाराव आरामखुर्चीत बसोन फारूखभाईंचा नंबर फिरवीत होते. बाईंनी मोबाइल घेतला, पान ओढिले, परत दिला. "आता लावा काय लावायचं ते," म्हणाल्या.

बारा वाजोन एक मिनिटाने यादी उघडली. क्रमांक पहिला, भामाबाई, गल्ली सातवी. अप्पारावांनीही निमूट बटण दाबिले, त्यांस एकतिसावा मिळाला. शहागंजात गुलशनबींनी दुकानात सरबत वाटिले. व्यंकटराव यादी वर-खाली करोन तीनतीनदा वाचीत बसले, आणि एक वाजता घरी परतले तेव्हा उभयतांचे ध्यानी आले की, या धामधुमीत आपला नंबर कोणी लाविलाच नाही. मग लाविला. अठ्ठावन्नावा, म्हणजे पुढला गुरुवार. घरी पाणी उरले हंडे दोन. भानुमतीबाईंनी यावर जे भाषण केले ते लिहिण्यास कागद पुरणार नाही.

शनिवारी सकाळी टँकर वेशीतून आत आला, पहिल्या गल्लीशी थांबला नाही, चहा घेतला नाही, आणि धुरळा उडवीत सातव्या गल्लीचे शेवटास गेला. भामाबाईंनी पिंपे भरिली, परात भरिली, तांब्या-पेलेही सोडिले नाहीत. मग दोन्ही खांद्यांवर एकेक कळशी घेवोन सहा गल्ल्या चालोन चिटणिसांचे दारी आल्या. व्यंकटराव म्हणाले, नंबराबाहेर पाणी घेणे नियमात बसत नाही. भामाबाई म्हणाल्या, "नियम ऱ्हाऊ द्या साहेब. हे टँकरचं न्हाय, माझ्या घरचं हाय." व्यंकटरावांनी कळश्या उतरोन घेतल्या.

येणेप्रमाणे वैशाख शुद्ध नवमीस तलाव बुजला, बटण हाती आले, स्वपक्षाकडील एक चप्पल सहाव्या गल्लीत कामी आली, आणि नक्षत्रनगरात पाणी प्रथमच शेवटल्या घरापासोन मोजिले गेले. फत्ते जाहली, ऐसी नोंद असे.