घड्याळ शकूचं, हात एकनाथचा

"होळीपर्यंत या घड्याळाला मी असं गप्प बसवते, की त्याला वाटेल आपण अजून दुकानातच हाय," असं शकूने पालघरच्या मासळी बाजारात सगळ्यांदेखत सांगितलं आणि मनगट चारी दिशांना फिरवून दाखवलं.

शेजारच्या जागेवर बसणारी हिरा बोंबील मोजता मोजता म्हणाली, "बसवशील की. एकनाथला बसवलंस, तिथं घड्याळाची काय कथा."

घड्याळ नारळाच्या वडीएवढं, काळंकुळीत. ते वेळ सांगायचंच, पण ते त्याचं वरकड काम. खरं काम शकूवर नजर ठेवायचं. ती कुठे आहे, किती झोपली, काळीज किती उड्या मारतंय, हे सगळं ते बोईसरला तिच्या मुलाच्या, दिपेशच्या फोनवर कळवायचं. बाई पडली तर लगेच तिकडे बोंब ठोकायचं.

एवढी पाळत ठेवायचं कारण इतकंच, की दिवाळीआधीच्या उन्हात शकूला बाजारात भोवळ आली होती. ती पडलीही नाही, नुसती बर्फाच्या पेटीवर टेकली. पण बातमी तिच्या गावी, शिरगावला पोचेपर्यंत ती पेटीत पडली होती, आणि बोईसरला पोचेपर्यंत तिला बर्फातच ठेवली होती. कारखान्यात पाळीवर असलेला दिपेश रडत आला. त्याच संध्याकाळी त्याने फर्मान काढलं, "आई, बस झाला धंदा. तू आणि बाबा आमच्याकडे बोईसरला या."

बोईसरचा फ्लॅट चांगला होता. तिसरा मजला, गार लाद्या, सून हेमाली स्वभावाने लोण्यासारखी. पण त्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसे आणि समोरच्यांना शकूने तळलेल्या मांदेल्यांचा वास जाई. शकूला तिथे दोन दिवसांत वाटलं, आपल्याला कुणीतरी धुऊन, पुसून फळीवर ठेवलंय. इकडे बाजारातली जागा तिच्या सासूची. सासू शिरगावहून डोक्यावर टोपली घेऊन अंधारात चालत निघायची, आणि तिच्या मागून शकू, नवी नवरी, चुडा सावरत. तेव्हा घड्याळ लागत नसे. कोंबडा, भरती आणि सासू, या तिघांनी वेळ सांगितली की पुरे. सासूने हात थकल्यावर कोयता शकूच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तू." ती जागा अशी सुटते का?

शेवटी तडजोड झाली. शकूने घड्याळ बांधायचं. होळीपर्यंत घड्याळाने तक्रार केली नाही, तर धंदा चालू. केली, तर टोपली माळ्यावर आणि शकू तिसऱ्या मजल्यावर.

पहिली अडचण बांगड्यांची. मनगटभर हिरव्या बांगड्या, त्या काढायचा प्रश्नच नाही. शकूने घड्याळ बांगड्यांच्या मधोमध बसवलं. त्याचा परिणाम असा झाला, की भाव करताना तिने हात नाचवला की बांगडी घड्याळावर आपटायची, कुठलंतरी बटण दाबलं जायचं आणि हेमालीला फोन लागायचा. बिचारी हेमाली फोन उचलून "आई? आई?" करायची आणि पलीकडून ऐकायची, "मेल्या, या भावात तुला पापलेटचा फोटो देईन, पापलेट नाय."

"आई, तुम्ही मला काही बोललात का?" संध्याकाळी ती हळूच विचारायची.

"नाय गं बाय, गिऱ्हाइकाला."

हे चालून गेलं. पण एका सकाळी शकूकडे भलीमोठी घोळ मासळी आली. तिने लाकडी ठोकळा सरळ केला, कोयता उचलला आणि हाणला. एक घाव, दोन घाव, तिसऱ्याला डोकं वेगळं. घड्याळाने हिशेब केला, की बाई एवढ्या जोराने खाली आली म्हणजे जिन्यावरून गडगडली असणार. ते थरथरलं, त्याने पडद्यावर काहीतरी विचारलं. शकूच्या हाताला माशाचं रक्त, तिने बघितलंच नाही. घड्याळाने आणखी जरा वाट पाहिली आणि बोईसरला कळवून टाकलं.

दिपेश मोटारसायकलवरून आला तो हेल्मेटसकट बाजारात घुसला. "माझी आई कुठंय?" तो ओरडला. आई तुकड्या तराजूत टाकत होती. तिने वर बघून हेल्मेटला विचारलं, "डोकं ठेवायचं की साफ करून देऊ?"

गिऱ्हाईक नव्हे, मुलगा आहे हे कळल्यावर मग रडारड झाली, समजावणी झाली, हिराने साक्ष दिली. दिपेश ओशाळला, त्यामुळे जास्तच चिडला. "तुला काय झालं असतं तर? ही शेवटची वेळ. परत वाजलं, तर मी स्वतः टोपली माळ्यावर टाकीन. मग कारण सांगायचं नाय."

आता आली पंचाईत. कोयता न मारता घोळ कापता येत नाही आणि कोयता मारला की घड्याळ वाजतं. शकू रात्रभर विचार करत राहिली आणि पहाटे टेम्पोत बसताना तिला उत्तर सापडलं. ते तिच्या शेजारीच बसून जांभया देत होतं.

एकनाथ, तिचा नवरा, एके काळी होडी हाकणारा तांडेल. आता गुडघे गेल्यामुळे समुद्र सुटला. रोज शकूबरोबर पालघरला यायचा, बर्फाची पेटी उतरवायचा आणि बाजारामागच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसायचा. दुपारी परत यायचा तेव्हा त्याचे डोळे पाणावलेले असत, तोंडात लवंग असे आणि टेम्पोत तो भजन म्हणे. आयुष्यभर दर्यावर शिव्या देण्यात गेलेल्या माणसाला म्हातारपणी देवाची एवढी ओढ लागली, हे बघून शकूलाही बरं वाटायचं.

"अवो, हात द्या इकडे," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुमी देवळात बसून असता. पडत नाय, झडत नाय. हे घड्याळ तुमच्या हाताला राहू दे. देऊळ बाजाराला लागूनच हाय. पोराला वाटेल मीच."

एकनाथने हात मागे घेतला. "त्यात दिसतं काय काय?"

"काळजाचे ठोके आणि झोप. तुमचं काळीज कुणाला बघायचंय?"

एकनाथने हात दिला. बिचाऱ्याला नकाशाचं ठाऊक नव्हतं, आणि शकूला देवळाचं.

काही दिवस सोन्यासारखे गेले. हेमालीचा फोन यायचा, "आई, ठोके अगदी छान आहेत. दुपारी झोपही घेता तुम्ही, बरं करता." शकू त्या वेळी कोयता हाणत असायची. "घेते हो जराशी," ती म्हणायची.

"फक्त रात्री घोरता फार. कुशीवर झोपा."

"सांगते हो," शकू म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे झोपते."

हिराला तिने ऐटीत सांगितलं, "उगाच लोक नावं ठेवतात. फार उपयोगी वस्तू हाय. आपल्या हाताला नसली म्हणजे झालं."

मग हेमालीचा सूर बदलला. एकदा म्हणाली, "आई, मनात काही दुःख असलं तर माझ्याशी बोलाल ना?" एकदा म्हणाली, "दुपारी तुम्ही जागेवरच असता ना?"

"मग कुठं जाणार?"

"नाही, सहज." आणि मग तिने दिपेशबरोबर लिंबांची पिशवी पाठवली. शकूने लोणचं घातलं.

त्या रविवारी दिपेश आणि हेमाली दोघं शिरगावला आले. मोटारसायकलचा आवाज ऐकून शकूने एकनाथच्या हातातलं घड्याळ ओढून आपल्या हातात चढवलं. दिपेश ओट्यावर बसला. चहा घेतला नाही. आईकडे बघेचना.

"आई, हे काय आहे?" त्याने फोन पुढे केला.

पडद्यावर पालघरचा नकाशा होता. बाजार होता, देऊळ होतं. आणि देवळाच्याही मागे, एका गल्लीत, निळा ठिपका होता. हेमालीने दोन बोटांनी नकाशा मोठा केला. शकूला वाचायला वेळ लागायचा, पण मोठ्या अक्षरात लिहिलेलं तिने वाचलं. ताडी विक्री केंद्र.

"रोज," दिपेश म्हणाला. "मी बाजारात तमाशा केला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. बाजार सुरू झाला की थोड्या वेळाने तू इथं येतेस, ठोके वाढतात, आणि मग झोपतेस. तिथंच, त्या केंद्राच्या पायरीवर, आई. तुला लोकांनी बघितलं असेल तर काय वाटलं असेल?"

शकूने एकनाथकडे बघितलं. एकनाथ छपराचे वासे तपासत होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने वाशांकडे एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं. पाणावलेले डोळे, लवंग, भजन, सगळं एकदम तिच्या टाळक्यात चढलं. तिने तोंड उघडलं.

आणि मिटलं. कारण खरं सांगावं, तर आधी हे सांगायला हवं होतं, की घड्याळ आपल्या हाताला नव्हतंच. मग टोपली माळ्यावर, आपण तिसऱ्या मजल्यावर आणि सासूच्या जागेवर कोणीतरी भेंडी-गवार घेऊन बसलेलं. न सांगावं, तर आपण ताडी पितो. जन्मात जिने ताडीचा वास आला की पदर नाकाला लावला, ती.

हेमालीने तिचा हात धरला. "आई, चूक आमचीच आहे. माणसाचं काम असं सुटतंय म्हटलं, की त्याचा तोल जातो. तुम्ही आतल्या आत झुरत होतात आणि आम्ही घड्याळ बघत बसलो."

"तू धंदा कर आई," दिपेश डोळे पुसत म्हणाला. "होळीपर्यंत नाय, तुला पाहिजे तोवर कर. मी परत विषय काढणार नाय. पण ही ताडी सोड. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग."

शकूने बराच वेळ जमिनीकडे बघितलं. पोरांना वाटलं, पश्चात्ताप. ती मनात व्यवहार तपासत होती. मग तिने हात मुलाच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "सोडली रे बाबा."

एकनाथला जोराचा ठसका लागला.

पोरं गेल्यावर शकूने घड्याळ काढलं, एकनाथचं मनगट पकडलं आणि पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला.

"मी काय बोललो का?" एकनाथ म्हणाला.

"तुमी कशाला बोलाल? मी बोलले. ताडी सोडते, असं पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोलले. आता माझा शब्द तुमच्या हाताला बांधलाय."

"अगं पण..."

"आणि तो ठिपका परत त्या गल्लीत दिसला, तर मी त्या मारुतीलाच विचारीन, तुमी त्याला शेवटचं कधी भेटलात."

एकनाथ खरोखर देवळात जाऊ लागला. पुजाऱ्याने त्याला विचारलं, नवीन राहायला आलात का?

बातमी अर्थातच बाजारात आली. ती कशी आली ते कळलं नाही, पण पुरी आली. कोळंबीवाल्या बायका शकूकडे जरा आदराने बघू लागल्या. हिराने मात्र मनाला लावून घेतलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढी वर्षं शेजारी बसतो. जायचीस तर मला हाक मारायला काय झालं होतं?"

शकूने तराजू पुसला. धंदा होता, जागा होती, कोयता मोकळेपणी चालत होता. त्यापुढे थोडी बदनामी काय मोठी?

पुढच्या रविवारी ती अंगणात बोंबील वाळत घालत होती आणि एकनाथ खाटेवर कण्हत पडला होता, तेव्हा दिपेश न सांगता आला. शकूने हात पदरात गुंडाळला. एकनाथने आपला हात गोधडीत खुपसला. दिपेशच्या हातात प्लास्टिकचा छोटा कॅन होता.

"आई, बस. घाबरू नको. मी आमच्या कंपनीच्या डॉक्टरला विचारलं. आठवडाभर तुझी झोप नाय, ठोके वरखाली, रात्री सारखी कूस बदलतेस. सगळं दिसतं मला. डॉक्टर म्हणाले, अशी एकदम सोडू नये, शरीराला त्रास होतो. हळूहळू कमी करायची." त्याने कॅन पुढे केला. "इथल्या माहीमहून आणली. पहाटे झाडावरून उतरवलेली, चोख. रविवारी एक पेला, माझ्यासमोर. ताडी म्हणून नाय, औषध म्हणून घे."

दिपेशने स्वतः आतून पेला आणला आणि भरला. वर पांढरा फेस आला. अंगणात तो आंबूस वास पसरला.

दिपेशच्या खिशातला फोन किणकिणला. त्याने बघितलं आणि त्याचे डोळे पुन्हा भरले. "बघ आई, नुसता पेला बघून तुझे ठोके केवढे वाढले. किती गं ओढ तुला."

शकूने खाटेकडे नजर टाकली. गोधडीच्या वर फक्त एकनाथचे डोळे दिसत होते, आणि ते पेल्यावरून हलत नव्हते.

तिने डोळे मिटले, सासूचं नाव घेतलं आणि पेला तोंडाला लावला. पहिला घोट तिने औषधासारखा घेतला. दुसरा जरा थांबून. मग तिने डोळे उघडले, पेल्यात बघितलं आणि उरलेली सावकाश संपवली. फेससुद्धा सोडला नाही.

"बरं वाटलं का आता?" दिपेशने काळजीने विचारलं.

शकूने पदराने ओठ टिपले. पेला त्याच्या हातात दिला. खाटेवरून एक हुंदका ऐकू आला, तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

"दिपेश," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी येशील ना रे?"