सेल वाढला की या

माझे यजमान सात वर्षांपूर्वी गुहेत गेले आणि त्यांच्या दिव्यातला सेल अजून चालू आहे, म्हणून सेल तपासणी कार्यालयानं मला नोटीस पाठवली. दहा तासांच्या सेलनं एकसष्ट हजार तास उजेड दिला, तरी समक्ष येऊन खुलासा करावा, असं तिच्यात लिहिलं होतं.

गेले. तपासनीस खामकर म्हणजे सज्जन माणूस, पण बोलताना समोरच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बसलेले.

"नाव?"

"पुष्पलता मोरेश्वर हेंद्रे. गुहेत आहेत ते मोरेश्वर. गुहांचे नकाशे काढतात."

"सेल चौतीसशे एमएएचचा. दिवा तासाला तीनशे चाळीस खातो. म्हणजे दहा तास. निघताना कोणी सेलसमोर काही बोललं होतं?"

"बायको आहे मी. बोलणारच की. 'सेल वाढला की या,' म्हटलं होतं."

आमच्या घरात दिवा, बांगड्या, डब्यातलं मीठ, कशालाच 'संपलं' म्हणत नाहीत. 'वाढलं' म्हणतात. अभद्र बोलू नये, एवढंच.

खामकरांनी पेन खाली ठेवलं. "सेल अस्सल आहे हो तुमचा. अस्सल सेल दिल्या शब्दाला जागतो. तुम्ही वाढ म्हणालात, तो वाढतोय."

आणि आमचे हे आत बसून तो वाढायची वाट बघतायत. यांचाही स्वभाव सेलसारखाच. रोज दुपारी मी गुहेच्या तोंडाशी जाते. वाट आत वळणावळणाची, तीन तासांची, पण आवाज पोचतो आणि लांबच्या भिंतीवर उजेड दिसतो. मी म्हणते, "अहो, या ना आता." आतून येतं, "सेल वाढू दे, मग निघतो. तूच म्हणालीस ना?" जेवणाची काळजी नाही. दशम्यांबद्दलही मी तेच म्हटलं होतं.

पण सात वर्षं मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही. अजून दोन कप चहा टाकते आणि दुसराही मीच पिते, रागारागानं. माणूस मेला असता तर रडून मोकळी झाले असते. हा नुसता ऐकू येतो.

"उपाय सोपा आहे," खामकर म्हणाले. "तिथं जाऊन 'संपला' म्हणा."

"नवऱ्याच्या दिव्याला? माझ्या तोंडानं?"

"नियमात दुसरा शब्द नाही. त्यांच्याकडे जादा दिवा असेलच."

होता. त्यातला सेल मीच बाजारातून आणलेला. वर नव्याण्णवशे छापलेलं, म्हटलं अस्सलच्या तिप्पट चालेल. त्याच्या जोडीतला दुसरा पर्समध्ये होता, तो काढून दिला. खामकरांनी तो तराजूत टाकला. तीस ग्रॅम. अस्सल सेल सेहेचाळीस भरतो.

"या आकारात नव्याण्णवशे मावतच नाहीत, बाई. वरून बडेजाव, आत पोकळ. तासभर चालला तर नशीब. आणि याला शब्द कळत नाही. किती का वाढ म्हणा."

"वाट तीन तासांची आहे. उरलेल्या दोन तासांचं काय?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "ते आमच्या कार्यालयाकडे येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी गुहेशी जाऊन बसले. भिंतीवरचा उजेड पोटभर बघून घेतला. मग म्हटलं, "अहो, सेल संपला."

उजेड गेला. आतून आवाज आला, "बरं, निघतो." सात वर्षं मी ज्या शब्दासाठी कान लावून होते, तो इतका साधा निघाला.

"जादा दिवा तासभरच पुरेल," मी ओरडले. "पुढं माझ्या आवाजाच्या रोखानं या. मी बोलत राहते."

"काय बोलशील एवढं?"

"साठलंय."

मग बोलत सुटले. वन्संच्या मुलीचं लग्न, परसातली पडलेली चिंच, मला झालेला टायफॉइड. तासाभरानं आतून "गेला गं" ऐकू आलं. मी थांबले नाही. तुमच्यावर किती रागावले ते सांगितलं. तुमचा सदरा उशाशी घेऊन निजते, तेही सांगितलं. एरवी कधी सांगितलं नसतं. घशाला कोरड पडली आणि आतल्या अंधारातून एक हात माझ्या हाताला लागला. गार, चिखलानं भरलेला, अंगठ्यावर विळीचा जुना वण. यांचाच.

"संपलं का बोलणं?" हे म्हणाले. "संपलं की बाहेर येतो."

"'संपलं' काय म्हणता असं अभद्र?" मी दटावलं. "'वाढलं' म्हणावं."

"बरं. वाढलं की येतो."

आज तिसरा दिवस. खामकर जबाब घ्यायला आलेत, त्यांना सावलीत बसवलंय, कारण माझं बोलणं वाढतंच आहे; सगळं पुन्हा सांगतेय आणि अजून त्या पडलेल्या चिंचेच्या गोष्टीपाशीच आहे. यांचा हात माझ्या हातात आहे, आणि आता तो पुष्कळ गरम झालाय.