वीस किलो चुका

"पाहुणे, पोहे पळून जात नायत. आधी आमच्या मशीनचं तेवढं बघा," म्हणत अप्पारावांनी सम्यकच्या हातातली बशी अलगद काढून घेतली.

सम्यक पुण्याहून मुलगी बघायला आला होता. आईवडील एकच्या बसने यायचे होते, पण याला दम कुठला! सकाळीच क्रांती चौकातून पेढे घेऊन खुलताबाद रोडवरच्या अप्पारावांच्या वजनकाट्यावर "जय भीम, काका" म्हणत हजर. मुलगी, म्हणजे रूपा, काट्याच्या केबिनमध्येच बसली होती. ट्रक काट्यावर घेत होती, वजनाच्या चिठ्ठ्या फाडत होती आणि पाहुण्याकडे मुळीच बघत नव्हती.

मशीन म्हणजे युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीवर चालणारा एक संगणक. अप्पारावांनी तो बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतलेला. वयाने रूपापेक्षा सहा वर्षांनी मोठा. सुरू झाला की असा धडधडायचा की काट्यावरचा रिकामा ट्रक चार किलोने हलका व्हायचा.

"ट्रकात अद्रक आली तरी चिठ्ठीवर 'इतर' छापतंय," अप्पाराव म्हणाले. "व्यापारी हसत्यात. तेवढा एक शब्द घालायचाय. रूपी म्हणती, प्रोग्राम परत कंपाइल कराया, म्हंजी नव्यानं बांधून घ्याया लागतो अन् ते होईना. तुम्ही त्याच धंद्यातले. जमलं तर बोलणी पुढं, नाय जमलं तर पेढे माघारी न्या."

सम्यकने बटण दाबले. पडद्यावर एकच ओळ उमटली : हेडर फाइल सापडत नाही. प्रोग्रामला आधी ही फाइल वाचावी लागते, त्यातल्या शब्दांचे अर्थ हिच्यात असतात. ती नसली की गाडी तिथेच थांबते.

"एकच चूक! दहा मिनिटं, काका."

त्याने आपल्या लॅपटॉपवरची तीच फाइल केबल लावून आत सोडली. ती फाइल म्हणाली, मला आणखी दोघी लागतात. त्या आल्या, त्यांना पाच हव्या होत्या. लग्नाला साडूला बोलवावे, साडूने मेव्हण्याला आणावे आणि मेव्हण्याने गल्ली, तशा एकूण त्रेचाळीस जमल्या. सगळ्या नव्या जमान्यातल्या. म्हाताऱ्या मशीनला त्यांचे अक्षरही कळेना. पडदा लहान म्हणून चुका थेट प्रिंटरवर जायच्या. प्रिंटर कर्र करून उठला आणि थांबेचना.

"आले तवा एक चूक व्हती!" अप्पाराव ओरडले. "तुम्ही दुरुस्ती करताय का पेरणी?"

"काका, ही प्रगती आहे. आधी मशीन दारातच अडत होतं, आता आत जाऊन भांडतंय."

कागद दारातून बाहेर पडला, पायरी उतरला आणि काट्यावर जाऊन ढीग होऊन बसला. एका ट्रकवाल्याने हॉर्न दिला. "अप्पा, ये क्या, अखबार निकाले क्या?"

रूपाने निर्विकार चेहऱ्याने चिठ्ठी फाडून वडिलांच्या हातात दिली. माल : इतर. वजन : वीस किलो.

"वीस किलो चुका!" अप्पारावांनी पेढ्यांचा पुडा शोधायला घेतला.

पाऊण वाजला होता. सम्यकने आणलेल्या त्रेचाळीस फायली एकेक करून पुसल्या. पुसता पुसता यादीतल्या एका ओळीवर तो थबकला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचले. मग खिडकीतून ट्रकवाल्याशी भांडणाऱ्या रूपाकडे जरा वेळ बघत राहिला.

"काका," तो म्हणाला, "मला नाही जमत. इथं कुणाला येत असेल तर मी शेजारी बसून शिकतो."

अप्पारावांच्या हातातला पुडा तसाच राहिला. याआधी सहा स्थळे आली. चौघांनी मशीन भंगारात घालायला सांगितले, पाचव्याने वीज खराब आहे म्हटले, सहावा साहेबांना विचारतो म्हणून फोन घेऊन फाटकाबाहेर गेला तो दिवाळीपासून आलेला नाही. असे वाक्य कुणीच बोलले नव्हते.

रूपा उठली. डब्याच्या पिशवीतून तिने एक जुनी टेप काढली आणि मशीनमध्ये सरकवली. मशीनच्या स्वतःच्या जुन्या हेडर फायली जागेवर गेल्या. पाच मिनिटांत प्रोग्राम तयार. पुढच्या ट्रकाची चिठ्ठी निघाली : अद्रक.

"आगं, तुला येत व्हतं व्हय?"

"मीच काढून ठेवल्या होत्या त्या फायली, अप्पा. प्रत्येक वेळी. पोरीला चालून दाखव, भाकर थापून दाखव म्हणत्यात. मग मी पोराचं काय बघायचं? येत नाय ते येत नाय म्हणणारा पायजे होता. सातव्या खेपेला घावला."

"अन् माझा कागद?"

"तो यांच्या खात्यावर," रूपा पहिल्यांदाच हसली.

बस आली, पोहे पुन्हा गरम झाले, माघात लग्नही लागले. आजही रूपा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आमचे हे फार खरे, पहिल्याच दिवशी कबूल केलं की मला येत नाही.

आता युनिक्सची एक खोड अशी, की फायलींचा कुठला कप्पा कुणाच्या नावावर आहे आणि त्याला शेवटचा हात कधी लागला ते तो नोंदवून ठेवतो. त्या दिवशी यादीतल्या त्या ओळीत लिहिले होते : रूपा, आज, सकाळी आठ चाळीस.

बायको कौतुक करायला लागली, की सम्यक चष्मा काढतो आणि पुसत बसतो.